मार्गारेटबाई, जाईबाई आणि आपली पंगत



मार्च महिना जवळ आला की आपल्या सगळ्याच संघटनांची एक धावपळ सुरू होते. सभागृह ठरवायचं, पाहुण्या ठरवायच्या आणि फोटो गोळा करायचे. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाई यांच्या फोटोंना हार घातले जातात, दोन-तीन भाषणं होतात आणि बाया घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे बसतात. थोर स्त्रियांची आठवण ठेवायची नाही असं कोणीच म्हणणार नाही. पण ती कशी ठेवायची, आणि कशासाठी, हा प्रश्न आपण एकमेकींना फारसा विचारत नाही. यादी मोठी होत जाते, माणूस मात्र सापडत नाही.

या अंकासाठी विषय निवडताना आमच्या बैठकीत एक सूर निघाला, की नेहमीची नावं सोडून जरा लांब बघू. आयर्लंडचं नाव पुढे आलं. तो देश आपल्यासारखाच इंग्रजांच्या टाचेखाली होता. आपल्यासारखाच तिथेही दुष्काळ पडला आणि माणसं देशोधडीला लागली. आपल्याकडे येऊन राबलेल्या पहिल्या काही परदेशी बायकाही त्याच मातीतल्या. भगिनी निवेदिता मूळच्या आयर्लंडच्या, ॲनी बेझंट आयरिश घराण्यातल्या. पण त्या दोघींपेक्षा आपल्या चळवळीला जवळची असूनही आपल्याला कमी माहीत असलेली बाई म्हणजे मार्गारेट कझिन्स. अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या पुढाकारातून. म्हणून आम्ही त्यांचं चरित्र निवडलं, वलगावच्या बचत गटांतल्या बायांसमोर ते वाचलं, आणि त्या वाचनातून जे निघालं त्यातूनच हे संपादकीय आलं आहे.

आधी मार्गारेटबाई कोण, ते सांगते.

१८७८ साली आयर्लंडमधल्या बॉइल या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव गिलेस्पी. डब्लिनला जाऊन त्या संगीत शिकल्या आणि १९०२ साली त्यांनी संगीताची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी जेम्स कझिन्स या कवीशी लग्न केलं. १९०८ मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन या मैत्रिणीबरोबर त्यांनी 'आयरिश वुमेन्स फ्रँचाइज लीग' ही संघटना काढली. मागणी एकच: बायकांना मत. त्यासाठी त्या सभांत बोलल्या, रस्त्यावर उतरल्या, मारहाण सोसली. १९१० साली लंडनला इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या घरावर फुटक्या कुंड्यांचे तुकडे भिरकावले म्हणून त्यांना हॉलोवेच्या तुरुंगात महिनाभर ठेवलं. १९१३ च्या जानेवारीत डब्लिनच्या सरकारी किल्ल्याच्या काचा फोडल्या, पुन्हा महिनाभर तुरुंग. या वेळी आपल्याला राजकीय कैदी माना म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी उपोषण केलं आणि ती मागणी पदरात पाडून घेतली.

त्या काळातली एक गोष्ट आपण नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती आपल्याला लागणार आहे. आयर्लंडला गृहराज्य मिळावं म्हणून तेव्हा मोठी चळवळ चालू होती. मार्गारेटबाईंचा त्याला पाठिंबाच होता. पण १९१२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटात बायकांच्या मताचं विधेयक आलं तेव्हा आयरिश पक्षाच्या सभासदांनी ते पाडायला मदत केली. कारण काय, तर सरकारची मर्जी गेली आणि गृहराज्य अडलं तर? बायकांना सांगण्यात आलं, की आधी देशाचं होऊ द्या, तुमचं नंतर बघू. आता हट्ट धरलात तर तुम्ही देशाच्या वैरी. मार्गारेटबाई आणि हॅनाबाईंनी थांबायला साफ नकार दिला. ज्या स्वराज्यात अर्धी माणसं मुकी असणार ते स्वराज्य कोणाचं, असा त्यांचा प्रश्न होता. काचा फुटल्या त्या या रागातून.

१९१५ साली कझिन्स पतिपत्नी हिंदुस्थानात आले, आधी मद्रासला आणि मग मदनपल्लीला. १९१७ च्या मे महिन्यात अड्यारला 'वुमेन्स इंडियन असोसिएशन' स्थापन झाली, त्यात मार्गारेटबाई पुढे होत्या. डोरोथी जिनराजदास त्यांच्या सोबतीला होत्या आणि अध्यक्षपदी ॲनी बेझंट. त्याच वर्षी डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. ते जुळवून आणलं मार्गारेटबाईंनी. हिंदुस्थानातल्या बायकांनी मताचा हक्क मागितल्याची ही पहिली मोठी नोंद. पुढे १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतांवर सोडला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट कायम ठेवून. म्हणजे ज्यांच्या नावावर काही होतं त्यांनाच. आपल्या आज्यांपैकी किती जणींच्या नावावर काही होतं, ते आपणच आठवून बघावं.

मग १९२७ साल. जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात बायकांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली. विषय होता मुलींचं शिक्षण. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. गावोगाव पत्रं पाठवून ही परिषद उभी करण्यात मार्गारेटबाईंचा वाटा सगळ्यात मोठा. तिथून ती संघटना वाढत गेली आणि बालविवाह, वारसाहक्क, घटस्फोट हे सगळे प्रश्न तिच्या व्यासपीठावर आले. मार्गारेटबाई मद्रास प्रांतात मानद मॅजिस्ट्रेटही झाल्या. या देशातली पहिली स्त्री मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९३२ च्या डिसेंबरात सरकारच्या वटहुकुमांविरुद्ध जाहीर सभेत बोलल्या म्हणून त्यांना वर्षभर वेल्लोरच्या तुरुंगात टाकलं. आयर्लंड, इंग्लंड आणि हिंदुस्थान, तिन्ही देशांतले तुरुंग पाहिलेली ही बाई. १९३६ च्या अखेरीस अहमदाबादच्या अधिवेशनात महिला परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पुढे अर्धांगवायूने त्या अंथरुणाला खिळल्या आणि १९५४ साली अड्यारला वारल्या. आपण शाळेत जे 'जन गण मन' म्हणतो, त्याची चाल रवींद्रनाथ १९१९ साली मदनपल्लीला आले असताना कागदावर स्वरांत उतरवून ठेवण्यातही या संगीत शिकलेल्या बाईचा हात होता.

एवढं सगळं वाचून झालं. बाया मन लावून ऐकत होत्या. काचा फोडल्याच्या जागी तर हसूही फुटलं. आणि मग कापूस वेचायला जाणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका मावशीने विचारलं, "बाई लय हिंमतीची व्हती, मानलं. पण मले सांग ताई, थे जेवाले कोनासंगं बसे?"

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. वर्गात आम्हाला शिकागोच्या जेन ॲडम्स आणि त्यांचं हल हाऊस शिकवलं गेलं, व्यक्तिसहाय्य कार्य आणि समुदाय संघटन शिकवलं गेलं. पण कोणत्याही कामाची परीक्षा करायचा इतका सरळ प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला आयर्लंडला जावं लागत नाही. ते आपल्या नागपुरातच आहे.

अहमदाबादनंतरचं, म्हणजे १९३७ च्या डिसेंबरातलं महिला परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. अस्पृश्यता जावी असे ठराव तोवर परिषदेत होत होते. या अधिवेशनाला जाईबाई चौधरींना बोलावणं होतं. त्या आल्या, सोबत त्यांच्या समाजातल्या आणखी काही जणी होत्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा सवर्ण बायांनी त्यांना आपल्या पंगतीपासून वेगळं, दूर बसवलं. व्यासपीठावर बहीण आणि पानावर अस्पृश्य!

जाईबाई कोण होत्या? १८९२ साली उमरेडला जन्मलेल्या. १८९६ च्या दुष्काळात घरच्यांबरोबर नागपूरला आल्या. मोठेपणी पोटासाठी नागपूर-कामठी डोक्यावर ओझी वाहिली. हमालीच. एका मिशनरी बाईंच्या लक्षात आलं, की या मुलीला लिहिता-वाचता येतं. त्यांनी मिशनच्या शाळेत त्यांना महिना चार रुपयांवर शिक्षिका नेमलं. पण मास्तरीणबाई महार आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली आणि ती नोकरी गेली. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. एकदा वर्गातून उठवलेली ही बाई. पंधरा वर्षांनी तिला पंगतीतूनही उठवायला निघाल्या त्या शिक्षणाचे ठराव करणाऱ्या बायाच.

या अपमानावर कोणी पांघरूण घातलं नाही. १ जानेवारी १९३८ ला नागपुरात दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा जाहीर निषेध केला. हे सगळं आज आपल्याला माहीत आहे ते ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींमुळे. त्यांनी गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या बायांशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली पुढे आणलं. तोवर स्त्री-चळवळीच्या इतिहासात पुण्याची परिषद होती, नागपूरची पंगत नव्हती.

पुढची गोष्ट तर आपल्या अमरावतीची आहे. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या मोहन पार्कमध्ये दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. दोन दिवस आधीपासून त्याच ठिकाणी दलित वर्गाची परिषद चालू होती. बायांची गर्दी वीस ते पंचवीस हजारांवर होती असं त्या वेळी नोंदवलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि बोलले. पण अध्यक्षपदी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वऱ्हाडातली एक बाई एवढ्या समुदायासमोर अध्यक्ष म्हणून उभी राहिली, मुलींच्या शिक्षणावर बोलली, कायदेमंडळात बायांना जागा हव्यात असं बोलली, आणि संततिनियमनावरही बोलली. भर सभेत, १९४२ साली!

त्या परिषदेचे ठराव आज वाचले तरी आपण चाट पडतो. नवऱ्याशी पटत नसेल तर घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा. एकाहून जास्त बायका करण्याची चाल कायद्याने बंद व्हावी. गिरण्यांत, विडीच्या कारखान्यांत, नगरपालिकांत, रेल्वेत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा मिळावी, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, वीस वर्षं नोकरी झाली की महिना १५ रुपये पेन्शन मिळावं. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच असावी. मुलींसाठी सरकारी खर्चाने पन्नास-पन्नासांची वसतिगृहं निघावीत. विधिमंडळांत आणि स्थानिक संस्थांत बायांसाठी राखीव जागा असाव्यात.

हे ठराव पुण्याच्या परिषदेच्या विषयपत्रिकेशेजारी ठेवून वाचा. घटस्फोट आणि शिक्षण दोन्हीकडच्या बायांनी मागितलं. पण रजा, पेन्शन, इजेची भरपाई आणि गिरणीतली देखरेख अशी मागणी तीच बाई करते, जी स्वतः गिरणीत उभी राहिलेली असते किंवा जिची आई, जाऊ, शेजारीण तिथे असते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधल्या राधाबाई कांबळेंनी १९२९ साली कामगारांच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली होती. मोहन पार्कातल्या ठरावांमागे अशा बायांचं आयुष्य होतं. पंगत वेगळी पडली की मागण्याही निम्म्याच राहतात, हे मला यातून दिसतं. कोण जेवायला बसलं आहे यावर ताटात काय वाढायचं हे ठरतं, चळवळीतही!

मग आता मार्गारेटबाईंचं काय करायचं? आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं पडलं, की नको ते परदेशी चरित्र, जाईबाईंचंच छापू. दुसरी म्हणाली, नागपूरच्या पंगतीचा दोष अड्यारच्या बाईवर कशाला? मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. मार्गारेटबाईंना यादीतून खोडून आपल्याला काही मिळणार नाही. त्यांनी मताचा प्रश्न उचलला, तुरुंग भोगला, परक्या देशात उभं आयुष्य घातलं, हे खरंच आहे. पण त्यांचं आयुष्य आपण नुसतं हार घालायला वापरलं तर त्यातला खरा धडा हातून निसटतो.

तो धडा १९१२ च्या आयर्लंडमधला आहे. "आधी देश, मग बाया" असं सांगणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांना मार्गारेटबाईंनी नाही म्हटलं. जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणींनाही नेमकं हेच ऐकावं लागलं, फक्त शब्द वेगळे होते: आधी बायांची एकी, जातीचं नंतर बघू. पंगतीचा विषय काढलात तर तुम्ही फूट पाडणाऱ्या. १ जानेवारी १९३८ च्या सभेने त्याला नाही म्हटलं. म्हणजे मार्गारेटबाईंचा वारसा त्या दिवशी कोणी चालवला, तर ज्यांना दूर बसवलं त्यांनी चालवला. त्यांनी मार्गारेटबाईंकडून तो शिकून घेतला असं मी म्हणत नाही. चोखामेळा, फुले, आंबेडकर ही त्यांची स्वतःची शिदोरी होती. १९२७ साली ज्या वर्षी पुण्याची परिषद झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या दलितांची परिषद अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरली, आणि डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. एकाच वर्षात एकाच मराठी मुलखात एवढं घडत होतं. एका वाटेवरच्या बायांना दुसऱ्या वाटेवरच्या बाया दिसत नव्हत्या, एवढंच.

"नंतर बघू" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवला तर काय होतं, तेही आयर्लंडच सांगतं. १९२२ मध्ये तो देश मोकळा झाला आणि २१ वर्षांवरच्या सगळ्या बायकांना मतही मिळालं. पण नागपूरला पंगत वेगळी बसली त्याच डिसेंबर १९३७ मध्ये आयर्लंडची नवी राज्यघटना अमलात आली आणि तिने बाईची जागा घरात असल्याचं लिहून ठेवलं. हॅनाबाई म्हातारपणी त्या घटनेविरुद्ध लढल्या. ते कलम बदलण्यासाठी ८ मार्च २०२४ ला सार्वमत झालं, पण सुचवलेले नवे शब्द अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या अनेकांनाही पटले नाहीत आणि जुनं कलम तसंच राहिलं. १९८३ साली घटनेत आणखी एक दुरुस्ती झाली. गर्भाचा जीव आणि आईचा जीव सारखाच, असं तिने ठरवलं. त्या दुरुस्तीची किंमत २०१२ साली आपल्या बेळगावात वाढलेल्या एका मुलीने मोजली. सविता हलप्पनवार ही दंतवैद्य, वय ३१, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे माहीत असूनही, ठोके चालू आहेत म्हणून तिने मागितलेला गर्भपात नाकारला गेला. अंगात विष भिनून २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. तिच्या नावाने तिथल्या बाया रस्त्यावर आल्या आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात शंभरातल्या ६६ हून जास्त मतांनी ती दुरुस्ती रद्द झाली. एक बाई १९१५ साली आयर्लंडहून इकडे आली आणि तिने आपल्याला मताचा हक्क मागायला सोबत केली. जवळजवळ शंभर वर्षांनी इकडची एक मुलगी तिकडे गेली आणि जीव देऊन गेली. 'थोर स्त्रियांच्या' कोणत्याच यादीत सविता बसत नाही. तिने कोणतं कार्य केलं नव्हतं, तिला फक्त जगायचं होतं. मग यादीच अपुरी नाही का?

म्हणून आम्ही ठरवलं आहे, की यापुढे या पानांवर कोणाचंही चरित्र छापताना चार प्रश्न विचारायचे. बाई असो की बुवा, देशी असो की परदेशी.

पहिला प्रश्न: हिचं पोट कशावर चालत होतं? हमालीवर, गिरणीवर, नवऱ्याच्या पगारावर की वडिलांच्या जमिनीवर? हे सांगितलं नाही तर वाचणारीला वाटतं, थोर बायांना भूकच लागत नाही.

दुसरा: ही कामाला बाहेर पडली तेव्हा घर कोणी सांभाळलं? आम्ही वलगावला राहतो. २० डिसेंबर १९५६ ला इथेच पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. दर पुण्यतिथीला त्यांची निर्वाणभूमी माणसांनी भरून जाते. दिवसा गावं झाडणारा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडणारा असा संत दुसरा झाला नाही, आणि त्यांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभारली हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९०५ साली बाबा घर सोडून निघाले तेव्हा मागे आई, लहान लेकरं आणि कुंताबाई होत्या. ती लेकरं कुंताबाईंनी कशी वाढवली असतील? बाबांची थोरवी या प्रश्नाने कमी होत नाही. कुंताबाईंचे कष्ट मात्र पहिल्यांदा हिशेबात येतात.

तिसरा प्रश्न मावशीचा: ही जेवायला कोणासोबत बसली, आणि हिने कोणाला कुठे बसवलं?

आणि चौथा: हिने जे मागितलं त्यातलं काय अजून मिळालेलं नाही? कारण चरित्र संपतं तिथे आपलं काम सुरू होतं. १९४२ साली सुलोचनाबाईंच्या परिषदेने २१ दिवसांची रजा मागितली. आज आमच्या भागात जी बाई किलोच्या भावाने कापूस वेचते तिला पगारी रजेचा एक दिवस नाही. म्हातारपणीचं पेन्शन नाही. शेतात साप चावला तर भरपाईसाठी कोणत्या दारात जायचं, हे तिला कोणी सांगत नाही. मग सुलोचनाबाईंना हार घालून आपण कोणता ठराव पुरा केला?

हे चार प्रश्न आपण स्वतःलाही विचारायचे आहेत. आमच्याकडे बचत गट गल्लीप्रमाणे बनतात आणि गल्ल्या जातीप्रमाणे वसलेल्या आहेत. त्यामुळे कोणीही जात न विचारता गट जातीचा होऊन जातो. मेळाव्याला सगळ्या येतात, घोषणा एका आवाजात देतात. मग डबे सुटतात तेव्हा बघा. कोण कोणाच्या जवळ सरकते, कोणाची भाजी हातोहात संपते आणि कोणाचा डबा "पोट भरलं वं" म्हणत टाळला जातो. कोणी कोणाला उठवत नाही, आता तसं चालत नाही. बाया आपापल्याच वेगळ्या बसतात आणि आपण म्हणतो, ज्याची त्याची आवड. मुस्लीम मोहल्ल्यातल्या बाया, पारधी बेड्यावरच्या बाया, मेळघाटातून कामाला उतरलेल्या कोरकू बाया तर मेळाव्याच्या निरोपापर्यंतच पोचत नाहीत. भाषण कोण करणार, पाहुण्यांच्या शेजारी कोण बसणार, पातेली कोण घासणार आणि इतिवृत्त कोण लिहिणार, याची वाटणी एकदा कागदावर लिहून काढा. जात, धर्म आणि शिक्षण त्या कागदावर आपोआप उमटेल.

यावर कोणी म्हणेल, पंगत एक झाल्याने जात जात नाही. बरोबर आहे. जमीन, नोकरी, लग्न आणि अत्याचाराच्या केसमधली साक्ष, हे प्रश्न पंगतीहून मोठे आहेत. पण ज्या बाईच्या हातचं आपण खात नाही, तिच्यावर अत्याचार झाला तर रात्री पोलीस ठाण्यात तिच्यासोबत आपण बसू का? माझ्या कामाचा अनुभव सांगतो, की नाही बसत. सोबत बसायची सवय आधी लागावी लागते.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. यंदाच्या मेळाव्याच्या तयारीत ठरावांची वही आणि स्वयंपाकाची यादी एकाच बैठकीत, एकाच वेळी करा. प्रत्येक गल्लीतल्या बाया चुलीजवळही असतील आणि माइकजवळही, वाढणाऱ्यांतही आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यांतही. घरचे डबे आणायचे नाहीत, सगळ्यांनी मिळून शिजवायचं आणि मिळेल त्या जागी बसायचं. खर्च वाढेल, पहिल्या वर्षी काही जणी उपाशी घरी जातील. जाऊ द्या, पुढच्या वर्षी बसतील.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. पुढच्या अंकात आम्ही जास्तीची पानं राखून ठेवली आहेत. तुमच्या गावातल्या एका बाईचं आयुष्य लिहून पाठवा. ती हयात असेल तर तिला वाचून दाखवून, तिची परवानगी घेऊन पाठवा. दाई, विडी वळणारी, जिनिंगमधली मजूर, पहिली सरपंच, नवऱ्याने टाकल्यावर लेकरं शिकवणारी, कोणीही चालेल. भाषा तिचीच ठेवा, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी. लिहिता येत नसेल तर बोलून दाखवा, आमच्यापैकी कोणी येऊन उतरवून घेईल. फक्त वरचे चार प्रश्न तिला विचारल्याशिवाय मजकूर पाठवू नका.

मार्गारेट कझिन्स यांचं चरित्र या अंकात आहे आणि त्याच्या समोरच्याच पानावर जाईबाई चौधरींचं. दोन्ही एकत्र वाचा, गटात मोठ्याने वाचा, आणि बाया काय म्हणाल्या ते आम्हाला कळवा.